परकी म्हणून नोंदलेली फाईल

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हणून बसले. मग आठवडाभर वहीसमोर बसले तेव्हा लक्षात आलं, की गंमत म्हणावी अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि तीसुद्धा मेलेल्या माणसांच्या जेवणाची. ती सांगते. तिच्यामागून दुसरी एक गोष्ट येते, ती गमतीची नाही. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी छापू नये, मला राग नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही. ती अजून पाहुण्यांना सांगते, "आमची जाऊबाई दवाखान्यात टायपिंगला हुती." टायपिंगलाच लागले होते हे खरं. सोलापुरातलं एक धर्मादाय रुग्णालय. नाव लिहीत नाही, लिहून आता कोणाचं भलं होणार नाही. मोहोळहून रोज एसटी, स्टँडवरून सात रस्त्यापर्यंत रिक्षा, आणि तिथून पुढे चालत. कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांनी हात मागे घेतले आणि माझा एकटीचा पुढे राहिला, म्हणून त्या विभागाची मी पुढे प्रमुख झाले. विभाग म्हणजे मी, रिपोर्टच्या खिडकीवर बसणारा सलीम आणि एक पंखा.

कॉम्प्युटरमधली माहिती फाईलींत असते हे आता शाळेतली पोरंही सांगतील. पण कुठल्या फाईली आहेत, कुठे आहेत आणि कशा प्रकारच्या आहेत, याची एक वेगळी यादी मशीन स्वतःपाशी ठेवतं. तिला कॅटलॉग म्हणतात. तुम्ही खिडकीवर येऊन तुमचा नंबर सांगता तेव्हा मशीन काही सगळं घर धुंडाळत बसत नाही. आधी ही यादी बघतं, आणि यादी जिथे जा म्हणेल तिथेच जातं. यादीत जे चुकीच्या प्रकाराखाली पडलं, ते मशीनच्या लेखी नसतंच. मग ते कितीही खरं असो.

एका सिस्टिममधून दुसरीत फाईली आणल्या, की नवा कॅटलॉग प्रत्येक फाईलीपुढे तिचा प्रकार मांडतो. नव्या सिस्टिमनं स्वतः तयार केलेली, ती 'आपली'. बाहेरून आलेली, पण जिची मांडणी कोणीतरी लिहून दिलेली, ती 'ओळखीची'. मांडणी म्हणजे कितव्या अक्षरापासून नाव, कुठून वय, कुठून तपासणीचा निकाल. आणि जी नुसतीच उचलून आणली, मांडणी कोणी सांगितलीच नाही, ती 'परकी'. मशीन हे सगळं इंग्रजीत लिहायचं, मराठी शब्द आमच्या खोलीतले. परकी फाईल अगदी सुखरूप असते बरं का. तिच्यातलं अक्षरही इकडचं तिकडे होत नाही. फक्त तिच्यात कोणी शोधत नाही.

आमच्या जुन्या सिस्टिममध्ये फाईलींची मांडणी फाईलींबरोबर नव्हती. ती एका लांबुळक्या रजिस्टरात होती, आणि उरलेली माझ्या डोक्यात. त्यामुळे नवी सिस्टिम आली तेव्हा कुठली फाईल ओळखीची करायची आणि कुठली परकी ठेवायची, हे ठरवणारी मी. पुण्याहून एक इंजिनिअर आला होता, हुशार होता, पण आमच्या फाईलींची नावंसुद्धा त्याला धड वाचता येत नव्हती. तो म्हणायचा, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं." आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आता मेलेल्यांच्या जेवणाची गोष्ट. नवी सिस्टिम सुरू करण्याआधी आम्ही तिची चाचणी घेतली. त्यात दवाखान्यातून गेलेल्यांची फाईल, म्हणजे घरी गेलेले आणि कायमचे गेलेले दोन्ही, मी ओळखीची केली, पण हे गेलेले आहेत हे ज्या अक्षरावरून कळतं ते अक्षर सांगायला विसरले. मशीनला वाटलं, सगळे इथेच आहेत. सकाळी स्वयंपाकघरात पथ्याच्या चिठ्ठ्या छापून गेल्या. आमचे स्वयंपाकी महादेवमामा अक्कलकोटकडचे, चिठ्ठीवर असेल तेवढं रांधायचं हा त्यांचा धर्म. ते साबुदाण्याची खीर वाट्यांत भरून वॉर्डात घेऊन गेले आणि थोड्या वेळानं माझ्या दारात उभे राहिले.

"मॅडम, चौदा नंबरला वाटी भरून आनली. खाटेवर कोन न्हाई. सिस्टर म्हनती, ते आजोबा मागल्या महिन्यातच गेले. मग ही खीर मी कुनाला दिऊ?"

सलीम हसत सुटला. मीही हसले. मग मामांच्या हातातली चिठ्ठी घेऊन नावं वाचली, आणि त्यातली काही मला ओळखू आली, तेव्हा हसू गेलं. मामांनी ती खीर परत भांड्यात ओतली नाही. नेऊन बाहेरच्या झाडाखाली ठेवली, कावळ्यांना.

यावरून प्रशासक साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब फौजेतून निवृत्त होऊन आलेले, बोलणं तुटक. म्हणाले, "मॅडम, ज्याची खात्री नाही ते उघडायचं नाही. बंद राहिलं तर कोणाचं बिघडत नाही. चुकीचं उघडलं तर बोभाटा होतो." मला ते पटलं. आज विचाराल तर त्यातलं 'कोणाचं बिघडत नाही' हे मला पटत नाही. पण त्या दिवशी पटलं होतं, आणि मी ते मनाशी गाठ मारून ठेवलं.

नवी सिस्टिम सुरू करायला विश्वस्तांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. इंजिनिअर म्हणाला, महिनाअखेर होऊ द्या, हिशेबाला सोपं पडतं. विश्वस्तांपैकी एक जण म्हणाले, "साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त सोडून अमावस्येच्या तोंडावर कोणी नवं काम काढतं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला त्या क्षणी एक गोष्ट सुचायला हवी होती. ती सुचली नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

आमची एक पद्धत होती. गाठीचा तुकडा काढला की तो तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचा. तिथले रिपोर्ट दर गुरुवारी गठ्ठ्यानं यायचे. आम्ही ते आधी एका कच्च्या फाईलीत टाईप करायचो, कारण पुण्याहून कधीकधी मागाहून दुरुस्ती यायची. महिन्याच्या शेवटच्या दिवशी कच्चीतलं सगळं पक्कीत चढवायचं. कच्ची लगेच पुसायची नाही, पुढच्या महिन्याचा पहिला गठ्ठा आला की मग पुसायची. कागद बांधून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये जायचे. जुनी सिस्टिम खिडकीवर शोधताना दोन्ही फाईली बघायची, त्यामुळे कधी अडलं नाही. वर्षानुवर्षं मी ही पद्धत नवीन माणसांना एका वाक्यात शिकवायची: कच्चीत जे आहे ते पक्कीत आहेच.

खंडेनवमीला आम्ही दोन्ही मशीनला झेंडूचा हार घातला. जुन्यालाही घातला, त्यानं इतकी वर्षं काम केलं होतं. दसऱ्याला नारळ फुटला, पेढे वाटले, एकमेकांना सोनं दिलं, आणि दुपारी मी फाईलींचे प्रकार ठरवायला बसले. यादी खाली खाली जात होती. पक्की रिपोर्ट फाईल: ओळखीची. मांडणी लिहून दिली, दोनदा तपासली. पुढे कच्ची. मी मनात म्हटलं, हिच्यातलं सगळं पक्कीत आहेच, दोन्ही उघडल्या तर एकेक रिपोर्ट दोनदा दिसेल आणि पुन्हा बोभाटा. ठेवली परकी.

महिना अजून संपला नव्हता. त्या महिन्याचे रिपोर्ट कच्चीतच होते.

पुढच्या गुरुवारपासूनचे रिपोर्ट थेट नव्या सिस्टिममध्ये जाऊ लागले. तिथे कच्ची-पक्की असा प्रकारच नव्हता. आमचं जुनं काम एवढ्या सफाईनं बंद झालं, की त्याचा शेवटचा दिवस आलाच नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पद्माबाई पहिल्यांदा आल्या त्या दसऱ्यानंतर चारच दिवसांनी. तेलुगू घरातल्या, विड्या वळायच्या. वय पस्तिशीच्या आसपास. खिडकीवर दिवसाला शेकडो माणसं येतात, सगळी कुठली लक्षात राहायला. पण या बाईंच्या अंगाला तंबाखूचा वास होता आणि हाताचे अंगठे तपकिरी होते, आणि त्या नंबराची चिठ्ठी देताना ती दोन्ही हातांनी द्यायच्या, देवळात देतात तशी. छातीतल्या गाठीचा तुकडा काढून पाठवला होता. सलीमनं नंबर टाकला.

"नै दिखरा," तो माझ्याकडे वळून म्हणाला. मग त्यांना म्हणाला, "आला नाही अजून, बाई. पुढच्या आठवड्यात या."

दुसऱ्यांदा त्या दिवाळीच्या तोंडावर आल्या. तेव्हा मी जेवायला गेले होते, सलीमनं नंतर सांगितलं. तिसऱ्यांदा दिवाळी झाल्यावर. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती, मशीन हळू चाललं होतं, आणि माझं डोकं सकाळपासून उठलेलं. सलीमनं हाक मारली म्हणून मी स्वतः खिडकीवर गेले. नंबर टाकला, नाव टाकलं, नावाचं स्पेलिंग बदलून पाहिलं. काही नाही.

"मॅडम, माझी रिपोर्ट आलं का ओ?"

"कॉम्प्युटरमध्ये काही नाही, बाई."

"डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट घेऊन ये, मगच बघतो." त्या थोड्या थांबल्या. "काही नाही म्हणजे चांगलंच म्हणायचं का ओ?"

मागून कोणीतरी ओरडलं, आटपा की. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं नसतं तर फार बरं झालं असतं. मी हसून म्हणाले, "तसंच समजा. दुखलं-बिखलं तर या परत."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि गेल्या. ज्या गाठीचा हा मामला होता, तशा गाठी पुष्कळदा दुखत नाहीत. हे मला मागाहून सर्जननी सांगितलं. मी डॉक्टर नव्हते, मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण डॉक्टर नसताना मी बोलले, हेही तितकंच खरं आहे.

पुढच्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर सर्जन माझ्या खोलीत आले. हातात केसपेपर. म्हणाले, "या बाईंचा गेल्या वर्षी तुकडा पाठवलाय असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. रिपोर्ट कुठंय? आता बाई दाखल झाल्यात. काखेत गाठी, पाठीत दुखणं. सगळं पसरलंय." मी म्हणाले बघते. ते गेले. मी नंबर टाकला. काही नाही. तारीख बघितली, कोणत्या महिन्यात तुकडा पाठवला ती. गेल्या दसऱ्याचा महिना.

कॅटलॉग उघडला. खाली, अगदी खाली, ती ओळ होती. कच्ची. प्रकार परकी. कधीच उघडलेली नाही. आत तेवीस नोंदी.

लांबुळकं रजिस्टर काढलं आणि तिची मांडणी लिहून दिली. पहिली आठ अक्षरं नंबर, पुढची तीस नाव, मग वय, मग तारीख, मग निकाल. प्रकार बदलला, ओळखीची. पुन्हा नंबर टाकला. रिपोर्ट आला. त्याची तारीख होती पद्माबाई पहिल्यांदा खिडकीवर आल्या त्याच्या पाच दिवस आधीची. निकाल वाचायची गरज नव्हती, वाचला तरी. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. वर्षभर जी वीस मिनिटं कोणी दिली नाहीत ती एवढीच होती.

रिपोर्ट छापून सर्जनकडे पाठवला. बाकीची बावीस नावं सलीमला घेऊन एकेक करून तपासली. बहुतेकांचे रिपोर्ट साधे होते. काहींच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दिसत नाही म्हणून पुण्याला फोन करून विचारून घेतलं होतं. एक आजोबा दुसऱ्याच दुखण्यानं आधीच वारले होते. वाईट रिपोर्ट असून ज्यांना कोणीच सांगितलं नाही, अशा एकट्या पद्माबाई.

आणि मी गप्प बसले. फाईल दुरुस्त झाली होती, मशीन आता बरोबर उत्तर देत होतं, आणि मी सलीमला म्हणाले, "झालं ते झालं, बाहेर बोलू नकोस." सलीमनं मान खाली घातली. वीस दिवस मी मोहोळहून येत होते, जात होते, भाकरी खात होते. मला शूर समजू नका, म्हणून हे लिहिते.

एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. कॅटलॉगमध्ये फाईल आज कोणत्या प्रकारची आहे एवढंच दिसतं. काल ती कोणती होती, हे आमच्या सिस्टिममध्ये कुठेच राहत नव्हतं. मी तिला ओळखीची केली, आणि त्या क्षणी ती जणू पहिल्यापासूनच ओळखीची झाली. आता कोणीही नंबर टाकला तर रिपोर्ट दिसायचा, गेल्या दसऱ्याच्या आधीच्या तारखेसकट. खिडकीवर येऊन रिकामं परत गेलेल्या माणसाची नोंद तर मशीन कधी करतच नव्हतं.

वॉर्डातल्या नव्या डॉक्टरनं नेमकं तेच पाहिलं. पद्माबाईंचे नवरे अंबादास यंत्रमागावर कामाला होते. डॉक्टरनं त्यांना सरळ सुनावलं, "रिपोर्ट वर्षभर इथं येऊन पडलाय. घ्यायला आला नाहीत तुम्ही लोक. आता आम्ही काय करायचं?"

हे मला पद्माबाईंकडूनच कळलं. सर्जननी कागदावर सही मागवली होती, म्हणून मी वॉर्डात गेले होते. त्यांनी मला ओळखलं. उठून बसल्या, आणि मला वाटलं आता शिव्या देणार. द्याव्यात असंही वाटलं.

"मॅडम, तुमच्या मशीनमध्ये लिवलेलं असेल ना ओ, मी आले होते म्हणून?"

"काय झालं?"

"घरात म्हणतात, तू गेलीच नाही. रिपोर्ट आणायला म्हणून सांगून गेलीस आणि कुठं फिरलीस. मालक तर म्हणतो, खोटारडी आहेस, डॉक्टरनं तोंडावर सांगितलं मला. तीन दिवस विड्या बुडवून आले होते मी. तीनदा." बोलताना त्यांना दम लागत होता. "बरं नाही होणार, मला माहीत आहे. सिस्टर बोलतात ते ऐकू येतं. पण मी खोटं नाही बोलले. तेवढं बघा ना मशीनमध्ये."

मशीनमध्ये ते नव्हतं. ते फक्त डोक्यांत होतं, त्यांच्या, माझ्या आणि सलीमच्या. वीस दिवस मी जे दाबून ठेवलं होतं ते सगळं तिथेच खाटेच्या कडेवर बसून मी त्यांना सांगितलं. कच्ची, पक्की, दसरा, परकी. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मग मी म्हणाले, मशीन नाही, मी लिहून देते. नर्सच्या टेबलावरून कागद घेतला आणि हातानं लिहिलं:

"पद्माबाई या रिपोर्टच्या खिडकीवर तीनदा आल्या होत्या. रिपोर्ट त्या येण्याआधीच आलेला होता. माझ्या चुकीमुळे तो मशीनमध्ये दिसत नव्हता. तिसऱ्या वेळी मी स्वतः त्यांना 'काही नाही, चांगलंच समजा' असं सांगितलं. त्यांची काहीही चूक नाही."

खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. त्यांना मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "तीनदा कुठं लिवलंय?" मी बोट ठेवलं. त्यांनी त्या शब्दावर आपला अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग कागद घडी करून उशीच्या अभ्र्यात सारला. मी म्हणाले, मालकांना बोलवा, मी स्वतः सांगते. त्या म्हणाल्या, "नको. मी दाखवते." पुढच्या आठवड्यात त्यांना घरी नेलं.

त्याच संध्याकाळी मी प्रशासक साहेबांना सगळं लेखी कळवलं. त्यांनी कागद वाचला, टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाले, "लिहून कशाला दिलंत, मॅडम? तोंडी सांगायचं होतं." चौकशी झाली, मेमो मिळाला, आणि माझी बदली तळघरात रेकॉर्ड रूमला झाली. नोकरीची उरलेली चार वर्षं मी तिथे काढली. अन्याय झाला असं मला कधी वाटलं नाही. तिथेच त्या महिन्याचा कागदांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. त्यात पद्माबाईंचा रिपोर्ट वरून चौथा होता. कोणी खाली उतरून पाहिलं असतं, तर मशीन लागलंच नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात पद्माबाई गेल्या. मला पावसाळ्यात कळलं, ते असं.

दुपारची वेळ होती. तळघराच्या पायऱ्या उतरून एक माणूस आला. उंच, वाकलेला, कपड्यांवर सुताचा भुगा. हातात पत्र्याचा चपटा डबा.

"दाखल्याला कागद लागतंय म्हणाले वरती. माझी मंडळी वारली. आता कंचं कागद लागतंय ते मला कळंना. तेलुगू शाळेत चौथी शिकलोय, मराठी वाचता येत न्हाई. बघा की ओ जरा." डबा माझ्यासमोर ठेवला. "तिचाच हाय. विड्याच्या पानांचा."

डबा उघडताच तो वास आला, आणि नाव विचारायच्या आधीच मला कळलं. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, कधी पाहिलंच नव्हतं. मी एकेक कागद काढून लावू लागले. रेशनकार्डाची झेरॉक्स, केसपेपर, सोनोग्राफी. वरती पानं कापायची कात्री होती, तळाला पानांचा एक वाळलेला थर. त्या पानांच्या खाली, घडी केलेला, माझा कागद.

"हे कसलं हाय?" अंबादासनी विचारलं. "हे मी बघितलंच न्हाई कधी."

म्हणजे पद्माबाईंनी दाखवला नव्हता. दाखवते म्हणाल्या होत्या, आणि दाखवला नव्हता. मला काय वाटतं ते सांगते, चूक असेल तर असो: मी म्हणते म्हणून माझं खरं मान, कागदावरून नको, असं त्या बाईला वाटलं असणार. वाट बघत राहिल्या असतील.

मी म्हणू शकत होते, हा कागद दाखल्याला लागत नाही. ते खरंही होतं. वीस दिवस गप्प बसायचा सराव मला होताच. पण मी घडी उलगडली आणि वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'चांगलंच समजा' सकट.

ते कागदाकडेच बघत होते. मग म्हणाले, "खाली सही कुनाची हाय?"

"माझी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं, त्याची तयारी मी कधीची करून ठेवली होती. पण ते माझ्यावर रागावलेच नाहीत. मला वाटतं, माझ्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

"ती म्हनत हुती," ते सावकाश म्हणाले. "रोज म्हनत हुती, मी तीनदा गेले. मी लई बोललो ओ तिला. शेवटपर्यंत बोललो." डब्यातल्या कात्रीला उगाच हात लावून त्यांनी तो काढून घेतला. मग कागद माझ्या हातातून घेऊन उजेडाकडे धरला.

"तीनदा कुठं लिवलंय ह्यात?"

मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. दाखवायची गरज नव्हती. कागद सगळा पांढरा होता, आणि त्या एका शब्दावर तंबाखूच्या अंगठ्याचा तपकिरी डाग होता. एकदा ठेवून पडत नाही इतका गडद.